चतुर म्हणजे काही पैशाला पासरी नाही

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो फॉरवर्ड पुन्हा आला. म्हणणं असं: डॉल्फिन मासा दुर्मीळ, त्याला वाचवा, चतुरासारखे किडे लाखोंनी जन्मतात, ते कधीच संपत नाहीत, आणि मुंबईत डॉल्फिन आले ते लॉकडाऊनमध्ये समुद्र स्वच्छ झाला म्हणून. खाली अंगठ्यांची रांग.

डॉल्फिन मासा नाही, सस्तन प्राणी आहे. शाळेतला धडा वाटेल, पण त्याचं मरण यातच आहे. जाळ्यात अडकला की हवेसाठी वर येता येत नाही, आणि जन्मभर पाण्यात राहिलेला जीव पाण्यातच गुदमरतो.

लॉकडाऊनचं श्रेय तर फुकटचं. व्हिडिओ फिरले मार्च 2020 मध्ये आणि देशभर टाळेबंदी लागली 25 मार्चला. एवढ्यात समुद्र धुऊन निघतो होय? आपल्याकडे दिसणारा हम्पबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातलाच. तो आधीही इथेच होता, बघायला आपल्याला फुरसत नव्हती.

तो दुर्मीळ आहे, हे मात्र खरं. निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संघटनेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. वर्षभराच्या आसपास गर्भार राहून मादी एकच पिल्लू देते, त्यामुळे मेलेल्यांची भरपाई लवकर होत नाही.

आता ते ‘लाखोंनी’. उत्तर अमेरिकेतल्या रॉकी माउंटन टोळाच्या झुंडींनी 1870 च्या दशकात शेतंच्या शेतं फस्त केली. त्याचा शेवटचा जिवंत नमुना 1902 चा. म्हणजे तीसेक वर्षांत खेळ खलास! किड्याची मदार संख्येपेक्षा अंडी घालायच्या जागेवर असते.

पावसाळ्यात आपल्याकडे थव्याने दिसणारा पिवळसर चतुर आज धोक्यात नाही, हेही सांगतो. हा पठ्ठ्या हिंदी महासागर ओलांडून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत जातो. परत येते ती पुढची पिढी. त्याची अळी पाण्यात वाढते, डासांच्या अळ्या खाते आणि श्वास घेते गुदद्वाराच्या आतल्या कल्ल्यांनी. (हे ग्रुपवर लिहायचं धाडस मला झालं नाही.) तिला साचलेलं पाणी सव्वा ते दोन महिने टिकलेलं लागतं. डासाचं काम आठवड्या-दहा दिवसांत उरकतं, म्हणून कुंडीखालच्या ताटल्या ओतायला सांगणारे पालिकेचे लोक बरोबरच आहेत. चतुराला हवीत तळी, दलदल, मैदानातली मोठी डबकी. तीच आपण भराव घालून बुजवतो.

गेल्या ऑक्टोबरात आमच्या पार्किंगमध्ये एक मादी काळ्या गाडीच्या बॉनेटवर शेपटीचं टोक टेकवत होती. टेकव, उड, पुन्हा टेकव. चकाकणारा पत्रा तिला पाणी वाटतो. दुपारी हात लावला तर चटका बसत होता, आणि अंडी त्यावरच. गाडी फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांची. संध्याकाळी त्यांनी फडक्याने बॉनेट लख्ख पुसलं.