आमिश लोक मशीनला हात लावत नाहीत? अर्धवट आहे हे

ग्रुपवर फिरतंय ना, की अमेरिकेतले आमिश (जुन्या साध्या पद्धतीने जगणारा एक ख्रिश्चन पंथ) वीज-फोन-मशीन काहीच वापरत नाहीत आणि आपणही तसंच करावं, ते चुकीचं आहे. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला त्यांच्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनवर कॉम्प्रेसर चालतो आणि त्या हवेच्या प्रेशरवर ड्रिल, सँडर (लाकूड घासायचं मशीन), अगदी शिलाई मशीनसुद्धा, फक्त बाहेरच्या वीज कंपनीच्या लाइनची वीज घरात घेत नाहीत. फोनही असतो, पण घराबाहेर खोपटात, दोन-चार घरांत मिळून एक, म्हणजे जेवताना रिंग वाजायला नको (हे मात्र आपल्याकडे हवंच होतं राव). शेतात घोडे, पण घोड्यांमागच्या बेलरवर (गवताचे गठ्ठे बांधायचं यंत्र) इंजिन बसवलेलं! आणि नियम सगळीकडे सेम नाहीत, प्रत्येक चर्च मंडळी आपापलं ठरवते, काहींकडे तर सोलरही चालतं.