नव्वद हजारांत नेमकं कोण मोजलंय?

ऑक्टोबर २०२४मध्ये जर्मन चान्सलर शोल्त्झ दिल्लीत आले आणि भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेणार असं जाहीर झालं. तेव्हापासून आपल्याकडे दोन तट आहेत. एकाला यात ब्रेन ड्रेन दिसतो, दुसरा पोरांना म्हणतो, बॅगा भरा. इथून, जर्मनीतून बघताना वाटतं, दोघांनीही तो आकडा कशाचा आहे हे पाहिलेलं नाही.

दुसरा आवडता आकडा युरोस्टॅटचा, म्हणजे युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचा. २०२३मध्ये युरोपीय संघात सुमारे ८९ हजार ब्लू कार्डं (उच्चकुशल परदेशी कामगारांचे वास्तव्य परवाने) दिली गेली, त्यातली ६९ हजार एकट्या जर्मनीत. भारतीयांना मिळालेली सुमारे २१ हजार ही साऱ्या संघातली. आपल्याकडे ती सर्रास जर्मनीच्या खात्यावर टाकतात.

व्हिसा आणि कार्ड यांची बेरीज तर मुळीच करू नये. मुंबईच्या वकिलातीत डिसेंबरात व्हिसा मिळालेल्या माणसाला इथल्या आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, कार्ड मिळेपर्यंत मार्च उजाडतो. माणूस एक, नोंदी दोन, त्याही वेगवेगळ्या वर्षांत. उलट इथेच, आखेन शहरात मास्टर्स करून नोकरीला लागलेला मुलगा नवं कार्ड म्हणून मोजला जातो, पण त्या वर्षी तो भारतातून आलेलाच नसतो.

घरातला हिशेब तर आणखी गमतीचा. समजा, पुण्याचं जोडपं, दोघंही इंजिनिअर. ब्लू कार्ड तिचं, तो कुटुंबाच्या परवान्यावर. त्यालाही नोकरीची पूर्ण मुभा असते, तो करतोही. पण तक्त्यात ती ‘उच्चकुशल’ आणि तो ‘कुटुंबीय’. ब्रेन ड्रेनवाल्यांचे निम्मे मेंदू असे रकान्यातच हरवतात!

शिवाय रकान्याची भिंत दरवर्षी सरकते. ब्लू कार्डासाठीची किमान पगाराची अट पेन्शन विम्याच्या कमाल मर्यादेशी (ज्या पगारापर्यंत विम्याची वर्गणी कापतात तिच्याशी) बांधलेली आहे: साधारण पदांना तिच्या ५० टक्के, टंचाईच्या व्यवसायांना ४५.३ टक्के. २०२५साठी म्हणजे वर्षाला ४८,३०० आणि ४३,७५९.८० युरो. २०२३मध्ये साधारण अट आधी ५८,४०० होती, नोव्हेंबरात नवा कायदा आला आणि ती ४३,८००वर उतरली. त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षांची तुलना करताना कायद्याचा परिणाम वेगळा काढावा लागतो. रकान्यातून बाहेर पडण्याचंही तसंच. बी-वन म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत, ए-वन म्हणजे अगदी प्राथमिक असेल तर २७ महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकतं. ते मिळालं की माणूस कार्डधारकांच्या संख्येतून वजा होतो, आणि त्यावरून कुणी ‘भारतीय परतू लागले’ असं लिहिलं तर ते चूकच.

राहिला कुशल कामगार पाठवण्यासाठी महाराष्ट्राचा बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी २०२४मध्ये झालेला करार. त्यातले नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर बहुतेक करून ब्लू कार्डाच्या तक्त्यात दिसणारच नाहीत. त्यांचा रस्ता आपल्या भारतीय पात्रतेला जर्मनीत मान्यता मिळवण्याचा. नर्सला त्यासाठी साधारणपणे बी-टूपर्यंतचं, म्हणजे बी-वनच्या वरच्या पातळीचं जर्मन लागतं. सरकार किती जणांना पाठवणार यावर वाद घालणाऱ्यांनी आधी विचारावं, बी-टू पास किती झाले?