दचकलास म्हणजे भ्यालास नव्हे

“जुने सिनेमे आपण आदर म्हणून बघतो, आवड म्हणून नाही. घरी स्वतःहून कोण लावतंय?” पिंट्यानं एवढं म्हटलं आणि रंकाळ्याच्या कडेचा आमचा कट्टा एकदम गप्प झाला. कारण शेजारीच अण्णा बसले होते. अण्णांची सगळी उमेदीची वर्षं एका पडद्याच्या थिएटरात सिनेमा चालवणारा ऑपरेटर म्हणून गेली. शिवाय हे कोल्हापूर. प्रभात फिल्म कंपनी 1929 मध्ये इथंच सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली, याची हळहळ इथं अजून निघते.

अण्णा चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, “परवा काय बघितलास?”

“मुंज्या.”

“भ्यालास?”

“उडालो की खुर्चीतनं!”

“ते दचकणं झालं. पाठीमागं येऊन कुणी डबा वाजवला तरी मी दचकतोय. भ्यालास का, ते सांग.”

पिंट्यानं उत्तर दिलं नाही, पण मागंही हटला नाही. “कॉम्प्युटरवर केलेलं भूत म्हणून तुम्हाला पटत नाही, अण्णा.” यावर बापूच बोलला. “आरं, ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू तर साधा बाहुला. रामदास पाध्येंनी चालवलेला. 1993 साली तो बघून आल्यावर आमच्या घरातली बारकी पोरं खाटेखाली वाकून बघितल्याबिगर झोपत न्हवती. भूत कशाचं केलंय याला कोण विचारतंय?”

बापूचं बरोबर होतं, आणि ‘मुंज्या’बद्दल माझी तक्रार नाही हेही मी तिथंच सांगून टाकलं. आदित्य सरपोतदारनं कोकणातला पिंपळ आणि आजीच्या तोंडचा मुंजा 2024 मध्ये हिंदीच्या मोठ्या प्रेक्षकांपुढं नेला, तो मी हसत बघितला. पण घरी आल्यावर तो माझ्याबरोबर आला नाही. भयपटाकडून मला तेवढंच हवं असतं, की त्यानं घरापर्यंत यावं.

अण्णांचं म्हणणं सगळं आवाजावर होतं. “केबिनच्या झरोक्यातनं मी पडदा कमी आणि माणसं जास्त बघितलीत. रामसेंचा ‘पुराना मंदिर’ लागला 1984 ला. भूत यायच्या आधी वाद्यं सुरू व्हायची आणि अख्खं थिएटर तोंडावर हात घेऊन तयार बसायचं. संगीतच आधी वर्दी देतंय, मग भ्यायचं कशाला?”

“असं सरसकट नका म्हणू, अण्णा,” ताई म्हणाल्या. ताई पेटीचे क्लास घेतात आणि सिनेमा कानानं बघतात. “1960 चा ‘सायको’ घ्या. न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको, असंच हिचकॉकचं म्हणणं होतं. बर्नार्ड हर्मननं तरीही तिथं तुकडा रचला. नुसती तंतुवाद्यं, सगळ्या सिनेमाभर दुसरं वाद्यच नाही. हिचकॉकनं ऐकलं आणि स्वतःचं म्हणणं मागं घेतलं. ते संगीत काढून तो प्रसंग बघा बरं!”

“आणि रक्त?” पिंट्यानं विचारलं.

“चॉकलेटचं सिरप. काळ्यापांढऱ्यात ते रक्तच दिसतं.”

पिंट्याला हे फार आवडलं. मलाही ताईंचा मुद्दा मान्य करावा लागला, कारण त्यांनी लगेच ‘महल’ काढला. कमाल अमरोहींचा 1949 चा सिनेमा, ओसाड हवेली, अशोककुमार आणि कुठून येतोय ते न कळणारा आवाज. त्यातल्या ‘आएगा आनेवाला’ची सुरुवात ध्वनिमुद्रित करताना लताबाईंना खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइककडं यायला लावलं होतं. अंतर यंत्रानं आणलेलं नाही, त्या खरोखर लांबून चालत आल्या. ताई म्हणाल्या, “बाई दिसायच्या आधी तिचं येणं ऐकू येतं. तुम्ही म्हणता ती वर्दीच आहे ही. तरी अंगावर काटा येतो.”

तेव्हा मी म्हटलं, की मी बघितलेला सगळ्यात भीतीदायक मराठी सिनेमा ‘कुंकू’ आहे.

बापूनं कप खाली ठेवला. “भूत कुठाय त्यात?”

भूत नाही. 1937 चा व्ही. शांतारामांचा सिनेमा. तरुण नीरेला फसवून म्हाताऱ्या काकासाहेबांच्या गळ्यात बांधतात, आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे आणि केशवराव दाते. हा सिनेमा मी गेल्या आठवड्यात पुन्हा लावला, कानाला हेडफोन घालून, आणि पिंट्याला माझं सांगणं आहे की आदर-बिदर काही मनात नव्हतं. यात पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण प्रसंगामागं वाजणारं वेगळं संगीत दिग्दर्शकानं ठेवलंच नाही. त्या घरात जे वाजेल तेवढंच आपल्याला ऐकू येतं. भिंतीवरचं घड्याळ वाजतं. नुसतं घड्याळ. मिशांना कलप लावणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरात त्याच्या लंबकाचा आवाज ऐकत राहायचं, आणि काय वाटायला हवं हे सांगायला एकही सारंगी मदतीला येत नाही. पुढं आरसा फुटतो आणि तुकड्यातुकड्यातून काकासाहेबांचा चेहरा त्यांच्याकडंच बघतो. ती रात्र मी नीट झोपलो नाही.

“म्हंजे माझंच म्हणणं,” अण्णा खुशीत म्हणाले.

पूर्ण नाही. आवाज हे साधन झालं. मला वाटतं भीती तेव्हा तयार होते जेव्हा बाहेर पडायची वाट बंद झाल्याचं आपल्याला पटतं. घराच्या चौकटी, जेवणाच्या वेळा, कोण कुठं बसतं, हे सगळं सिनेमानं आधी सावकाश दाखवावं लागतं. आपण त्या घरात राहायला लागलो की मग दार लावून घ्यायचं. हल्लीच्या बऱ्याच भयपटांना तेवढा दम नसतो. घर ओळखीचं व्हायच्या आत त्यांचं भूत हजर.

बापू ऊसवाला माणूस. त्यानं हे आपल्या रानात नेऊन तपासलं. “मग ‘लपाछपी’ बसतोय तुझ्या हिशोबात. विशाल फुरियाचा, पूजा सावंतचा. पोटुशी बाई उसातल्या घरात जाऊन राहती. अर्धा सिनेमा दिवसाउजेडी, तरी मी भ्यालो. गड्या, वीज रातीची येती म्हणून मी उसाला पाणी पाजायला रातीच जातोय. ऊस डोक्यावर गेला की दोन हातांच्या पलीकडं दिसत नाही. पाचट वाजतंय, पण वारा हाय का जनावर हाय का माणूस, कळत नाही. पळायचं म्हटलं तर पाती अंग कापत्यात. पिच्चरवाल्याला हे ठाऊक होतं.”

त्या उसात फिरणारी पोरं कुठून आली, हे कळतं तेव्हा बापू थिएटरात मान खाली घालून बसला होता, असं त्यानं सांगितलं. मुलगी नको म्हणून काय काय केलं जातं ते आपल्याच भागात घडताना त्यानं ऐकलेलं आहे. त्यावर तो फार बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही. त्याच दिग्दर्शकानं पुढं 2021 मध्ये हाच सिनेमा ‘छोरी’ नावानं हिंदीत केला, एवढं पिंट्यानं मध्येच जोडलं.

मग पिंट्यानं स्वतःचंच आधीचं बोलणं खोडलं, आणि ते त्याला शोभलं. “मग ‘भ्रमयुगम’पण तसाच. मामूटीचा मल्याळम सिनेमा. 2024 चा असून अख्खा काळापांढरा. तो बिचारा गाणारा पळून येतो, त्या पडक्या वाड्यात दोन घास मागतो, आणि मग त्याला बाहेरच पडता येत नाही. तीनच माणसं म्हणा की. मामूटी फाशांचा डाव मांडून नुसता हसतो, तर घशाला कोरड पडते.” भूक लागलेला माणूस ज्या दारातून स्वतःहून आत येतो तेच दार बंद होतं, ही राहुल सदाशिवनच्या त्या सिनेमातली गोष्ट मलाही फार लागली. जात आणि सत्ता यांच्याबद्दल तो सिनेमा जे बोलतो ते त्या एका दारातच सगळं आहे.

इथपर्यंत मी जिंकत होतो. मग ताईंनी विचारलं, “पण ‘कुंकू’मध्ये भितं कोण? नीरा तर भीत नाही. ती दार आतून लावून घेते. वाट तिची बंद आहे आणि भीती मात्र काकासाहेबांना वाटते. मग तुमचं ते बंद दाराचं गणित कसं जुळायचं?”

हा प्रश्न खरा होता आणि मला विचार करायला लावून गेला. नीरेला दाराबाहेर जाता येत नाही हे खरं, पण काकासाहेबांना वयाच्या बाहेर जाता येत नाही. सगळा अधिकार हातात असलेला माणूस स्वतःच्याच घड्याळाला भितो. आणि सुटकेची एकच वाट त्याला सापडते, मरणाची. नीरेला मुलगी म्हणून मोकळं करून तो जातो. 1937 साली हे दाखवायला केवढी हिंमत लागली असेल! म्हणून तर म्हणतो, की याला नुसता सामाजिक सिनेमा म्हणून कपाटात ठेवू नका. ताईंना माझं अर्धं पटलं. त्यांच्या मते नीरेच्या लढ्याला भयपट म्हणणं म्हणजे कॅमेरा पुन्हा म्हाताऱ्याकडं वळवणं. यावर आमचं जुळलं नाही, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे.

शेवटचा वाद ‘तुंबाड’वर. तो सगळ्यांचा लाडका, 2018 मध्ये आला तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांनी चुकवलेला, आणि 2024 मध्ये पुन्हा लागल्यावर सगळ्यांनी मिळून बघितलेला. राही अनिल बर्वेंनी खऱ्या पावसासाठी वर्षानुवर्षं थांबून केलेलं ते काम. त्या पावसात पत्र्यावरचं पाणीसुद्धा ओळखीचं वाटतं, यावर दुमत नव्हतं.

“पण शेवट चुकला,” अण्णा म्हणाले. “सोनं राखणारा तो राक्षस, हस्तर, एकच पुरे होता. इतके कशाला? झाकली मूठ सोडली त्यांनी.”

“अण्णा, ते हस्तर दिग्दर्शकानं आणलेले नाहीत, विनायक आणि त्याच्या पोरानं आणलेत,” मी म्हटलं. आजवर बाप हस्तरला भुलवायला एक कणकेची बाहुली घेऊन खाली उतरायचा आणि मूठभर मोहरा घेऊन वर यायचा. एकदम सगळं लुटायचं म्हणून पोराला युक्ती सुचते, की बाहुल्याच पुष्कळ न्याव्यात. जितक्या बाहुल्या तितके हस्तर. हावेचा हा सरळ हिशोब आहे, आणि हिशोब लेकरानं मांडलाय हे त्यातलं सगळ्यात वाईट. एकच हस्तर ठेवला असता तर तो नुसता राक्षस राहिला असता.

अण्णांना पटलं नाही. “हिशोब बरोबर हाय तुझा,” ते उठता उठता म्हणाले, “पण भीती आकड्यानं वाढत नसती. उद्या ये, ‘संत तुकाराम’वर बोलू. जिजाई पांडुरंगाला मारायला वहाण घेऊन देवळात जाते, तिथं माझ्या छातीत धडकी भरते. ती कशानं भरते, ते तू मला सांग.”