पळणं सोडून बोला

मे महिना, रात्रीचे साडेदहा. सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडं एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर आम्ही बसलेलो. दिवसभर तापलेली फरशी अजून बुडाला चटके देत होती, तरी हातात गरम चहाच.

काडी टाकली पुणेकरानं. हा मूळचा आमचाच, नोकरीसाठी पुण्याला गेला म्हणून पुणेकर. २१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन पळून आला होता आणि गळ्यातल्या मेडलचा फोटो प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर धरत होता. "शरीराचा कस काढणारा खेळ एकच, पळणं. बाकी सगळा टाइमपास."

"पळायला काय लागतंय बे?" पैलवान म्हणाला. "मागं कुत्रं लागलं की आपण सगळेच पळतोय की."

मास्तरांनी मग वर्गात घालतात तशी अट घातली. पळणं बाजूला ठेवायचं, आणि उरलेल्यांत मोठा सलाम कुणाला ते सांगायचं. "मग अविनाश साबळेचं काय?" मी विचारलं. "स्टीपलचेस. २८ अडथळे, वर ७ वेळा पाण्याची उडी."

"ते पळणंच. बाद." मास्तरांचा निकाल म्हणजे निकाल. तीस वर्षं शिट्टी वाजवल्याचा परिणाम.

पैलवान कुस्तीवर बोलणार हे ठरलेलंच. गुडघा गेला म्हणून तालीम सुटली, पण मान अजून तशीच आहे. "लोकांना वाटतं कुस्ती म्हणजे ताकद. मॅटवरची कुस्ती सहा मिनिटांची. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधी ३० सेकंद. त्या सहा मिनिटांत समोरचा तुझ्या मानेवर लोंबकळत असतोय. पळताना दम लागला तर चालता येतं. इथं दम लागला की पाठ लागते."

एवढं बोलून त्यानं पुणेकराच्या मानेवर नुसता हात टाकला. ओढलं नाही, ढकललं नाही, कोपरापासून पुढचा हात फक्त ठेवून दिला. पुणेकराची हनुवटी छातीला टेकली, चहा पँटवर सांडला आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हे बघ, मी काहीच करलालो नाही अजून. फक्त वजन ठेवलंय. आता ह्याच्यातनं पट काढून, म्हणजे माझा पाय धरून दाखव."

मग खाशाबा जाधव निघाले, निघणारच. १९४८ ला लंडनला सहावे, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला ४४ वर्षं लागली, १९९६ ला लिअँडर पेसचं. पैलवान हे सांगताना दरवेळी थोडा हळू बोलतो, म्हणून आम्ही ते दरवेळी ऐकून घेतो.

अण्णाला वेटलिफ्टिंग मोठं वाटतं. मीराबाई चानू ४९ किलोच्या गटात, आणि टोकियोत क्लीन अँड जर्कला, म्हणजे आधी खांद्यापर्यंत आणि मग वर, ११५ किलो डोक्यावर. "माझ्या लूमवरचं सुताचं बीम उचलायला दोघं लागतात, तरी शिव्या घालत उचलतात." पोहण्याचा विषय मीच काढला, पण नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात तो काही टिकला नाही. रोइंगचं मात्र पुणेकरानं बरं सांगितलं. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, विहिरी खोदायच्या कामावरचा पोरगा, सैन्यात जाऊन वल्हं मारायला शिकला आणि २०१६ ला रिओत तेरावा आला. दोन हजार मीटर, तेही पाठमोरं बसून. पैलवानानंही मान हलवली.

तेवढ्यात मास्तर उठले. "खो-खो," म्हणाले, आणि आम्हाला फुटपाथवर ओळीनं उकिडवं बसवलं. चवड्यांवर, एकाचं तोंड रस्त्याकडं तर दुसऱ्याचं दुकानाकडं.

"२०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला वर्ल्ड कप झाला. पोरंबी जिंकली, पोरीबी जिंकल्या, दोन्हीकडं फायनलला नेपाळ. दोन्ही कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. तुमच्यातल्या किती जणांनी बघितली मॅच?"

सगळे गप्प. आयपीएलचा स्कोअर मात्र सगळ्यांना पाठ होता.

"खो!" पाठीवर थाप बसली, पुणेकर उठला, चार पावलं पळाला. "परत बस. खो! अरे, खांदा डावीकडं वळवलास ना? मग आता उजवीकडं जायचं नाही. खांबापर्यंत तीच दिशा. मधली पाटी ओलांडायची नाही. आणि पुढचा गडी वाटेल तसा हुलकावण्या देणार." एक रिक्षावाला वेग कमी करून बघत गेला. नवव्या-दहाव्या खो ला पुणेकराच्या मांड्या लटपटायला लागल्या, पैलवानाचा गुडघा कटकन वाजला, आणि मी तर तिसऱ्यालाच पायरीवर बसलो होतो. पूर्वीपासूनचा डाव नऊ मिनिटांचा. आमचं सगळं मिळून दोन मिनिटंही झालं नसावं.

माझं मत तिथंच ठरलं. कुस्तीला मान आहे, फेटा आहे, गदा आहे. खो-खोला आपण शाळेतच सोडून आलो. बसल्या जागेवरनं सुसाट सुटायचं, तेही डोकं ठिकाणावर ठेवून आणि नियम पाळून, हे मला सगळ्यात अवघड वाटतं.

अण्णाला पटलं नाही. "मग गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेत, नंदीध्वज पेलतात त्यांचं काय? सात नंदीध्वज, एवढी उंच काठी उभी धरायची, अंगात बाराबंदी, आणि गर्दीतनं चालायचं. आधी किती दिवस सराव चालतो बघितलाय का?"

"तो खेळ कुठाय? ती सेवा आहे," मास्तर म्हणाले.

"सेवा आहे म्हणून दम लागत नाही काय, मास्तर?"

ह्यावर मास्तरांकडं उत्तर नव्हतं. पैलवान म्हणाला तो तोल कुस्तीतलाच, मास्तर म्हणाले मग खो-खोतला का नाही, आणि गाडी परत पहिल्या पायरीवर आली. टपरीवाल्यानं ग्लास गोळा केले, दिवा घालवला. सगळे उठले, चपला शोधल्या, गाड्यांना किक मारल्या.

पुणेकर तेवढा बसून होता.

"चल की बे."

"उठवंना लका. खो द्या कुणीतरी."