हल्कच्या दंडावर काय लिहावं?

इंटरमिजिएट ड्रॉइंगला मला ए ग्रेड मिळाली तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले होते. त्या पेढ्यांची वसुली तीस वर्षांनी होणार आहे हे माहीत असतं, तर स्थिरचित्रातला तांब्या मी मुद्दाम वाकडा काढला असता.

मे महिन्याच्या सुट्टीत बहिणीचा नऊ वर्षांचा मुलगा आमच्याकडे राहायला आला. बॅगेत चड्ड्या दोन कमी, पण दोनशेपानी वही आठवणीने आणलेली. वहीत त्याचं स्वतःचं कॉमिक. सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन, वुल्व्हरिन आणि हल्क असे सगळे एकाच बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतात आणि पाण्याच्या टाकीवरून भांडतात. कथानकाला मी नावं ठेवणार नाही, आमच्या सोसायटीत हेच चालतं.

"मावशी, ह्या सगळ्यांना टॅटू काढून दे. पण मीनिंगफुल हवेत."

मीनिंगफुल हा शब्द त्याने आतेबहिणीकडून उचलला. तिच्या मनगटावर तीन पाखरं आहेत आणि त्यांचा अर्थ सांगायला तिला पाऊण तास लागतो.

मानाने थोरला म्हणून सुपरमॅनपासून सुरुवात केली. जन्म १९३८. दंडावर छानसा उगवता सूर्य काढला, कारण त्याची सगळी ताकद सूर्याची. भाच्याने कागद उलटसुलट पाहिला.

"सुई आत कशी जाणार?"

बरोबर होतं पोराचं. गोंदवताना शाई कातडीच्या दुसऱ्या थरात, म्हणजे साधारण एक-दोन मिलिमीटर आत जावी लागते. वरच्या थरात राहिली तर कातडी झडताना तीही झडते. ज्याच्या छातीवरून गोळ्या टणकन उडतात, त्याला सुई काय करणार? मी क्रिप्टोनाइटची, म्हणजे त्याला दुबळं करणाऱ्या दगडाची, सुई सुचवली. "मग तो मरेल ना!" असं म्हणून त्याने माझ्या अकलेची कीव केली. शिवाय ह्या माणसाने आपला अर्थ आधीच छातीवर भल्यामोठ्या अक्षरात लावलेला आहे. सूर्य खोडला.

वुल्व्हरिनची तऱ्हा उलटी. सुई आत जाईल, पण शाई टिकणार नाही. आपल्या अंगात शाई टिकते ती पहारेकरी पेशींमुळे. त्या शाईचे कण गिळतात आणि मग पचवताही येत नाहीत, टाकताही येत नाहीत म्हणून तशाच बसून राहतात. लग्नात आलेल्या डिनर सेटसारखं. पण वुल्व्हरिनची जखम बघता बघता भरते. गोंदणारा बिल करेपर्यंत हात कोरा.

हल्कने मात्र माझे दोन दिवस खाल्ले. चिडला की हल्क होतो तो डॉक्टर बॅनर. गोंदवायचं ते शांतपणे बसलेल्या बॅनरला, म्हणून मी दंडावर दोन इंचांत सुबक अक्षरात 'संयम' लिहिलं. तो चिडला की दंड फुगणार, अक्षरं वीतभर होणार, आणि ऐन मारामारीत ग्रंथालयातल्या पाटीसारखं 'संयम' झळकणार. मला हे फार आवडलं. भाच्याला अनुस्वाराची काळजी. दंड ताणला की टिंब खांद्यावर जाईल आणि खाली नुसतं 'सयम' उरेल, हे त्याने फुगा आणून, त्यावर स्केचपेनने लिहून, फुगवून सिद्ध केलं. टिंब खरंच गाठीच्या दिशेने निघालं होतं. वर रंगाचा प्रश्न. १९६२ साली पहिल्या अंकात हल्क राखाडी होता, पण छपाईत तो राखाडी नीट जमेना म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा झाला. ज्या गड्याच्या रंगापुढे छापखान्याने हात टेकले, तिथे माझ्या डझनभर रंगपेन्सिली काय दिवे लावणार? हिरव्यावर निळं दिसेना, लाल लावलं तर जखम वाटे.

स्पायडरमॅनला मी कायद्याने उडवलं. तो न्यूयॉर्कचा, अवतार १९६२चा. आणि त्या शहरात १९६१पासून १९९७पर्यंत टॅटू काढण्यावर बंदी होती, काविळीच्या भीतीने. त्यातून पोरगा शाळकरी आणि घरात त्याला वाढवणारी मे काकू. शिवाय सरकारी फॉर्मवर 'अंगावरील ओळखीची खूण' असा एक रकाना असतो. आयुष्यभर तोंड झाकून हिंडायचं आणि हातावर खूण गोंदवून घ्यायची, म्हणजे मारामारीत बाही फाटली की सरळ चौकीत. (त्याची बाही फाटतेच. शिवतं कोण, देव जाणे.)

उरला बॅटमॅन. लहानपणी आईवडील डोळ्यांदेखत गेले, तेव्हा अर्थ तयारच होता. मी मन लावून 'आईवडिलांची कृपा' लिहिलं आणि पाहिलं तर बॅटमॅन थेट टेम्पोसारखा दिसत होता. मागे 'हॉर्न ओके प्लीज' तेवढं राहिलं होतं.

हे सगळं आई शेंगा सोलता सोलता ऐकत होती. तिच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके आहेत आणि हातावर विंचू. विंचू आता इतका पसरलाय की पाहुणे त्याला खेकडा समजतात.

"आजी, तुझ्याचा मीनिंग काय?"

"कसला आलाय मीनिंग? जत्रेत गोंदणारीण बसली होती. दोघींनी धरलं, तिसरीने टोचलं. मी तिचं बोट चावले."

भाचा प्रचंड प्रभावित झाला. अर्थामुळे नव्हे, चावण्यामुळे. पण मला ते ठिपके दिसले आणि जीव भांड्यात पडला. कारण एव्हाना एक भयंकर गोष्ट लक्षात आली होती: कॉमिकमधला टॅटू एकदा काढून भागत नाही. सोळा पानं, पानाला सहा चौकटी, म्हणजे ९६ वेळा तोच टॅटू. हात वळला की तोही वळवायचा. विंचू ९६ वेळा? नांग्यांसकट? माझं मनगट काही वुल्व्हरिनचं नाही.

"सगळ्यांना तीन ठिपके," मी जाहीर केलं. "हनुवटीवर. भूत, वर्तमान आणि भविष्य." हे मला त्याच क्षणी सुचलं होतं, पण आवाज आतेबहिणीचा लावला.

त्याने डोळे मोठे केले. "भारी!" सौदा पटला. स्पायडरमॅनला मुखवट्यावरून चालतील, एवढी सवलतही मिळाली. रात्री साडेअकरापर्यंत बसून मी ठिपके दिले. सगळ्या चौकटीत, सगळ्यांना, पाठमोरे सोडून.

सकाळी चहाचा कप तोंडाला लावते न लावते तोच तो वही घेऊन उभा.

"मावशी, एक्केचाळिसाव्या चौकटीत बॅटमॅनला दोनच ठिपके आहेत."

"बरं, मग?"

"भविष्य राहिलंय त्याचं."

मी पेन्सिल घेतली.

"आणि हल्कला चार आहेत. चौथा कसला?"