पांढऱ्या पायाचा प्रेक्षक

सिअ‍ॅटलच्या मरिनर्स या बेसबॉल संघानं २००१ साली ११६ सामने जिंकले. २००२च्या जानेवारीत मी नोकरीसाठी अमेरिकेत सिअ‍ॅटलला उतरलो. त्यानंतर सलग वीस हंगाम संघ प्लेऑफला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीला, पोचला नाही. या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं आमच्या घरात मी एकटाच म्हणतो.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हरणं ठाऊक असतं, पण ते पाहुण्यासारखं अधूनमधून येतं. बेसबॉलमध्ये ते दुधाच्या पिशवीसारखं जवळजवळ रोज दारात. मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत १६२ सामने! चांगले संघसुद्धा त्यातले साठ-सत्तर हरतात, मग आमचं काय घेऊन बसलात. १९७७ साली सुरू झालेला हा संघ वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, कधी जिंकलेला नाही असं नव्हे. कधी खेळलेलाच नाही. तीस संघांत असा हा एकटाच.

२०२२च्या सप्टेंबरअखेर आमच्या कॅल रॅलीनं शेवटच्या इनिंगमध्ये होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारून प्लेऑफचं दार एकदाचं उघडलं. त्याचं टोपणनाव ‘बिग डंपर’. (आपल्याकडचा वाळूचा डंपर नव्हे, त्याच्या बुडाचा आकार बघून ठेवलंय. आईला हे समजावताना मी विषय बदलला.) तेव्हा मी कुठे होतो? सांगलीत, भडंग खात. बायकोचा मेसेज आला : “जिंकले. तू नव्हतास.”

पंधरा दिवसांत मी परतलो आणि घरच्या मैदानावरच्या प्लेऑफ सामन्याची दोन तिकिटं काढली. “तू घरी थांब ना,” बायको म्हणाली. मी ऐकलं नाही. नऊ इनिंग्जचा खेळ अठरा इनिंग्ज चालला. सहा तास बावीस मिनिटं. मधेच लोकांनी पायातला एकेक बूट काढून डोक्यावर ठेवला, म्हणे त्यानं धावा येतात. मीही ठेवला. भूक लागली तेव्हा स्टेडियमची खासियत म्हणून भाजलेले नाकतोडे खाल्ले, वर तिखट-लिंबू. शेवटी ह्यूस्टननं एक होमरन मारला आणि आम्ही १-० हरलो. घरी फोन केला तर आईला सामन्यापेक्षा वेगळीच काळजी. “पायताण डोक्यावर? आणि नाकतोडे?”

२०२५ला मात्र माझ्याही पोटात फुलपाखरं नव्हे, ते नाकतोडेच उड्या मारायला लागले. रॅलीनं साठ होमरन मारले. सप्टेंबरात एका चाहत्यानं ऑनलाइन चेटकिणीला पैसे देऊन संघासाठी मंत्र घालून घेतला, आणि संघ सलग दहा सामने जिंकला. आमच्याकडे सत्यनारायण करावा का यावर चर्चा झाली. शेवटी उपांत्य मालिकेत टोरोंटोविरुद्ध सातवा, निर्णायक सामना. जिंकलो की थेट वर्ल्ड सिरीज.

तारीख २० ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.

बायकोनं मला गॅरेजमध्ये बसवलं. टीव्ही नाही, फोन नाही. बरोबर चकल्यांचा डबा आणि एक घडीची खुर्ची. आतून मुलं ओरडायची त्यावरून स्कोअर कळत होता. सहा इनिंग्ज झाल्या, ३-१नं आम्ही पुढे. गॅरेजमध्ये थंडीनं कुडकुडत का होईना, मी संघासाठी काहीतरी करत होतो.

सातव्या इनिंगमध्ये मुहूर्त संपत आला म्हणून आरतीला बोलावणं आलं. देवी बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी. घरच्या कर्त्या पुरुषानं लक्ष्मीपुढे उभं राहायचं नाही तर कुणी? मी टीव्हीकडे पाठ करून उभा राहिलो. डोळेही मिटले. ‘सुखकर्ता’चं दुसरं कडवं चालू असताना धाकट्याच्या हातातली टाळ थांबली.

टोरोंटोचा स्प्रिंगर. तीन धावांचा होमरन. ४-३. सामना तिथेच संपला, फक्त अधिकृतपणे संपायला आणखी दोन इनिंग्ज लागल्या.

आरती मात्र पूर्ण केली. कुणी कुणाकडे बघितलं नाही. प्रसादाची वाटी माझ्यापर्यंत सगळ्यात शेवटी आली.

पाडव्याला बायकोनं ओवाळलं. ओवाळणी काय हवी ते तिनं आधीच ठरवलं होतं : पुढच्या ऑक्टोबरचं माझं सांगलीचं तिकीट. परतीची तारीख मोकळी.