साडेसतरा जोड्या

"कुत्रे नव्हेत, हाउंड," शिकारी कुत्र्यांचा कळप सांभाळणाऱ्या हंट्समनने पहिल्याच मिनिटाला मला दुरुस्त केलं आणि व्हॅनचं मागचं दार उघडलं. आतून लांब कानांची दोन पिल्लं उतरली, पैकी एकाने माझ्या बुटावर शू केली. "शेपूट म्हणायचं नाही, स्टर्न म्हणायचं. आणि ते भुंकत नाहीत, बोलतात." एवढं शिकवून तो निघून गेला. पोराला बोर्डिंगात सोडताना आईबाप याहून जास्त वेळ थांबतात.

इंग्लंडमधल्या लेस्टरशरच्या एका खेड्यात आम्ही राहतो. हा सगळा कोल्ह्याच्या शिकारीचा जुना मुलूख. वसंतात केनेलमध्ये, म्हणजे हाउंडांच्या सामाईक निवाऱ्यात, पिल्लं होतात आणि आठ-दहा आठवड्यांची झाली की गावातल्या घरांमध्ये वाटली जातात, ती हिवाळा सरेपर्यंत. केनेलात त्यांना दिसणार काय, तर फरशी आणि भाऊबंद. कोंबडी, मेंढी, ट्रॅक्टर, पोस्टमन यांच्याशी नीट वागायचं शिक्षण घरोघरी होतं. याला इथे 'वॉक'ला देणं म्हणतात, आणि या शब्दानेच माझा घात केला. शेजारच्या शेतकऱ्याने पबमध्ये विचारलं, "एक जोडी वॉकला घेशील का?" मला वाटलं, संध्याकाळी फिरवून आणायचं असेल.

हाउंड जोडीने मोजतात. दोन म्हणजे एक जोडी, पंचवीस म्हणजे साडेबारा. पुढे महिनाभरात आमच्याकडे चपलाही याच हिशेबाने मोजल्या जाऊ लागल्या. माझ्याकडे सहा अर्ध्या जोड्या होत्या.

त्याच सुमारास सहा महिन्यांच्या व्हिसावर आई आली. तिचं माहेर जत तालुक्यातलं, मळ्यावर कारवानी, म्हणजे मुधोळ जातीची शिकारी कुत्री. ही पिल्लं पाहून ती म्हणाली, "मुधोळच्या मालोजीराजांनी पंचम जॉर्जला कुत्र्यांची जोडी भेट दिली होती. ती परत केली वाटतं!"

एकाचं नाव गँबलर, दुसरीचं गॉसिप. एका वेतातल्या पिल्लांची नावं आईच्या किंवा बापाच्या आद्याक्षरावरून ठेवायची, असा इथला कुळाचार. आईला हे ताबडतोब पटलं. अश्विनी नक्षत्राला चू, चे, चो, ला, तसंच हे, म्हणजे नावरसच. अर्थ मात्र पटले नाहीत. "एक जुगारी, एक चहाडखोर. बरी लेकरं आणलीस!" तिने आद्याक्षर न मोडता गंप्या आणि गोदी करून टाकलं.

मग शिकारीचा विषय निघाला. मी सांगितलं की 18 फेब्रुवारी 2005 पासून इथे कोल्ह्यावर कुत्रे सोडून त्याला मारायला कायद्याने बंदी आहे. आता कुणीतरी वास लावलेलं फडकं ओढत पुढे जातं आणि हे त्या वासामागे धावतात.

"फडक्यासाठी?"

"हो."

"आणि घोडे?"

"घोडे यांच्यामागे."

आईने ओटा पुसायचं फडकं त्या दिवसापासून वरच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली. फडकं हा नुसता देखावा आहे असं म्हणणारेही गावात पुष्कळ आहेत. त्यातल्या एका बाई पिल्लं आल्यापासून माझ्याशी बोलेनाशा झाल्या; गोदीशी मात्र बोलायच्या.

शिक्षणाचं म्हणाल तर मेंढीचा धडा एका दुपारी संपला. एका मेंढीने गंप्याला अशी धडक दिली की त्यानंतर मेंढी दिसली की तो हवामान बघायचा. गाड्यांचंही जमलं. अडलं ते भाषेवर. कसायाकडून आणलेलं हाड देताना मी लाडाने म्हणायचो, "हाड, हाड!" आणि ती दोघं ओट्याशी आली की आई हात उगारून ओरडायची, "हाड!" एकाच शब्दाचे दोन अर्थ असतील तर शहाणा विद्यार्थी फायद्याचा घेतो. आई जितक्या जोरात हाकलायची तितक्या वेगाने ती दोघं येऊन तिच्या पायाशी बसायची आणि वाट बघायची. कुकरची शिट्टी झाली की मान वर करून दोघं 'बोलायची'. तिसऱ्या शिट्टीला शेजारचा शेतकरी कुंपणाशी येऊन, काय आवाज, म्हणून कौतुक करायचा. तो आमटीभात खायला कधी आला नाही.

दिवाळीत आईने बारा बेसनलाडू केले. एक देवापुढे गेला, उरलेले अकरा डब्यात. आम्ही दारात पणत्या लावून आत आलो तर डबा स्वच्छ, धुतल्यासारखा. मी हसलो, बायकोचा चेहरा मात्र उतरला. कुत्र्यांना बेदाणे विषारी असतात. रात्री नऊला दोघांना गाडीत कोंबून प्राण्यांच्या डॉक्टरकडे.

"किती बेदाणे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी आईकडे पाहिलं. नऊवारीवर माझं जाकीट घालून ती उभी होती. "एका लाडवाला एक. वर टोचलेला. आत नाही."

मी भाषांतर केलं. दोघांना ओकायचं इंजेक्शन दिलं. बाईंनी हातमोजे घालून, लाकडी चमच्याने चाळवत, गंभीरपणे मोजले आणि म्हणाल्या, "अकरा." आईला स्वयंपाकाची इतकी तंतोतंत पावती उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. बिलाचा आकडा मी तिला अजून सांगितलेला नाही.

डिसेंबरात आई परत गेली, फेब्रुवारीत ते दोघे. पिल्लं आली तेव्हा मांडीवर मावायची. जाताना एकेकाने सोफ्याची एकेक बाजू संपवली होती. जुलैत केनेलवर पिल्लांचं प्रदर्शन झालं. बोलर हॅट घातलेले पंच, पांढऱ्या कोटातले केनेलवाले, सँडविच, चहा. गोदीचा तिसरा नंबर आला आणि मला चांदीचा चमचा मिळाला, चहाचा. सोफा एक, चमचा एक.

सव्वीस डिसेंबरला गावच्या चौकात हंट, म्हणजे शिकारीची मंडळी, जमते. लाल कोट, घोडे, हातात गरम वाइन, कडेला निषेधाच्या पाट्या. हाउंड साडेसतरा जोड्या, सगळे एकसारखे. आईला दाखवावं म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला, स्पीकरवर.

"यातला आपला गंप्या कुठला?"

"ओळखू येत नाही गं."

तेवढ्यात तिकडे जतला कुणाचं तरी कुत्रं पडवीत शिरलं असावं. आई फोनमधून कडाडली, "हाड!"

साडेसतरा जोड्यांपैकी एक जोडी उधळली. घोड्यांच्या पायांतून, वाइनच्या ट्रेखालून, पाट्यांच्या मधून येऊन दोघं माझ्या पायाशी बसली आणि वर बघू लागली. ट्रे आडवा झाला होता. लाल कोटातला हंट्समन घोडा वळवून माझ्यापाशी आला.

"तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

मी खरं तेच सांगितलं. "आमच्या भाषेत 'जा' म्हणतात."